रंध्याखाली गेलेले पावणेदोन सेंटिमीटर

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत महिलांचा सांघिक जिम्नॅस्टिक्सचा सामना सुरू होण्यापूर्वी पंचांनी काय करावे, याच्या छापील सूचना असतात. निळा कोट घालावा, वेळेआधी पाच मिनिटे जागेवर बसावे, शेजारच्या पंचाच्या कागदात डोकावू नये, स्पर्धकाशी बोलू नये. बीमखाली गुडघे टेकून शिंप्याच्या टेपने त्याची रुंदी मोजावी, असे त्या सूचनांत कुठेही म्हटलेले नाही. मी ते केले.

गेल्या वर्षीची ही गोष्ट. अनेक देशांचे आणि अनेक खेळांचे ते मोठे संमेलन होते आणि बीमच्या पंचमंडळात मी वयाने सर्वांत लहान होते. आमच्या मुख्य पंच साठीच्या, परदेशी आणि अतिशय शिस्तीच्या बाई. माझे कानातले पडले असावे अशा समजुतीने त्याही वाकल्या. मी रुंदी मोजते आहे हे कळल्यावर त्यांनी मायेने समजावले की सर्व साधने सकाळीच तपासून प्रमाणित झाली आहेत. मी म्हटले, मला ठाऊक आहे. मग त्यांचे लक्ष टेपकडे गेले. दहाच्या आकड्यावर बीमची कड होती. पण आठाच्या जरा पुढे निळ्या शाईची एक रेघ मारलेली होती. ही खूण कशाची, असे त्यांनी विचारले. तो आमच्या जिल्ह्याचा बीम आहे, असे मी सांगितले. त्या सभ्यपणे हसल्या. माझे इंग्रजी कमी पडले असावे, असा त्यांचा समज झाला.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘पंचाची कारकीर्द’ या विषयावर लेख मागितला आहे. कारकीर्द म्हणावी इतके माझे वय नाही. सांगण्यासारखी एक चूक मात्र आहे. तिची रुंदी पावणेदोन सेंटिमीटर आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मुलींची साधने चार. घोड्यावरून उडी, एक उंच आणि एक ठेंगणी अशा दोन लाकडी दांड्या, मोकळी जमीन, जिच्यावर संगीताच्या साथीने कसरत करायची, आणि बीम. बीम म्हणजे पाच मीटर लांब, एकशेवीस सेंटिमीटर उंच आणि दहा सेंटिमीटर रुंद अशी आडवी तुळई. तिच्यावर चालायचे, वळायचे, उड्या मारायच्या, कोलांटी घ्यायची आणि शेवटी डौलाने खाली उतरायचे. पंचाचे काम वजाबाकीचे. दहापासून सुरुवात करायची आणि गुडघा वाकला, पाय थरथरला, विनाकारण थांबली, की कापत जायचे. पडली तर अर्धा गुण जातो आणि दहा सेकंदांत पुन्हा वर चढावे लागते. मुलीने जे सुंदर केले ते पंचाला दिसतच नाही असे नाही. पण त्याच्या कागदावर उणे चिन्हच मोठे असते. पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आणि दिवसभर विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांतल्या चुका शोधणाऱ्या मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडले. लातूरच्या एका महाविद्यालयात मी प्रयोगशाळेत शिकवत असे, आणि पुण्याहून पंचांचा एक अभ्यासक्रम करून आले होते.

लातूर तेव्हा नवा जिल्हा होता. जुन्या जिल्ह्यातून आम्ही वेगळे झालो तेव्हा फायली, जीपगाड्या, कपाटे यांच्याबरोबर खेळाच्या सामानाचीही वाटणी झाली. वाटणी करणारे गृहस्थ निःपक्षपाती होते. त्यांनी प्रत्येक गोष्ट समान वाटली. उडी मारायचा घोडा त्यांच्याकडे राहिला आणि ज्या फळीवर पाय आपटून घोड्यावर उडायचे ती फळी आमच्याकडे आली. दोन दांड्यांपैकी एक देण्याचाही विचार होता, पण ती खाली उतरवायला पाना सापडला नाही, म्हणून पूर्ण संच आम्हाला मिळाला. बीम कोणाकडेच नव्हता.

त्याबरोबर एक पत्र आले. नांदेडला विभागीय चाचणी होणार होती. तिथे लातूरच्या किमान पाच मुलींनी चारही साधनांवर कसरत पूर्ण केली, तर नव्या जिल्ह्याला राज्य स्पर्धेसाठी स्वतःचा संघ मिळेल. एकीचीही एका साधनावरची कसरत अपुरी राहिली, तर संघ नाही. मग मुलींनी जुन्या जिल्ह्याच्या निवडीला जावे, जिथे बाहेरच्यांसाठी दोन जागा होत्या. पडल्यावर दहा सेकंदांत वर न चढणे म्हणजे अपुरी कसरत, हेही पत्रात अधोरेखित होते. जिल्ह्यात हा खेळ शिकलेली मी एकटीच, म्हणून मुलींना शिकवणेही माझ्याकडे आले होते, आणि मुली होत्या बरोबर पाच.

त्या वर्षी आणि आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आम्हाला जागा मिळाली ती त्यामुळेच. बसवणप्पा हे डाळीचे व्यापारी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. तूर पिकलीच नाही म्हणून त्यांचे गोदाम रिकामे पडले होते, आणि त्यांची महादेवी संघातली सर्वांत दणकट मुलगी होती. आप्पांनी किल्ली दिली, आणि पाऊस पडेपर्यंत वापरा म्हणून सांगितले. सारा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसलेला असताना आभाळ चाचणीपर्यंत कोरडे राहावे असे मनोमन वाटणारी मी एकटीच असेन. ते मी तेव्हा कुणाला सांगितले नाही.

बीमसाठी मी गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत गफूरचाचा सुतारांकडे गेले. दारांच्या चौकटी करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. मी वरून, समोरून आणि बाजूने असे तीन आराखडे काढून नेले होते. चाचांनी कागद उलटासुलटा पाहिला.

“बाई, हे सेंटीमीटर आमच्या पट्टीवर न्हाईत. इंचात बोला.”

“रुंदी चार इंची धरा,” मी म्हणाले. दोन मिलिमीटरचा फरक मी उदारपणे सोडून दिला.

“चार इंची. झालं. कशासाठी पायजे?”

मुली यावर उभ्या राहून कसरत करतील, असे मी सांगितले. चाचांनी चष्मा काढला.

“पोरी? यावर? अन् खाली काय?”

“गाद्या.”

“मग गादीवरच करू द्या की. ह्ये मधलं लाकूड कशाला?”

तरी त्यांनी ते केले. एका पाडलेल्या जिनिंग कारखान्याच्या छपरातली सागवानी तुळई शोधली, आठ दिवस खपले आणि आरशासारखा गुळगुळीत बीम बैलगाडीने गोदामात पोचता केला. मी लांबी पावलांनी मोजली. उंची मोजपट्टीने मोजली, कारण ती इजेचा प्रश्न असते. मुलींकडून टाळ्या वाजवून घेतल्या आणि चाचांना चहा दिला. रुंदी मोजली नाही. चार इंची सांगितले होते, चार इंची आले होते.

गाद्या म्हणजे बारदानाची पोती, आत तुरीचे भुसकट. उडीतून खाली येणाऱ्या मुलीचा वेग किती, तो किती अंतरात शून्यावर आणायचा, त्यासाठी गादी किती जाड हवी, याचे गणित करून मी जाडी ठरवली होती. दोन आठवड्यांनी मला गाद्या पातळ वाटू लागल्या. आणखी एका आठवड्याने एका कोपऱ्यात महादेवीचा पाय जमिनीला टेकला. गणित तपासले, ते बरोबर होते. मग पहाटे लवकर गेले तेव्हा कारण दिसले. चारा मिळेनासा झाल्यापासून आप्पांची म्हैस गोदामाच्या दाराशी बांधली जात असे, आणि ती रात्रभरात गादीचा एक कोपरा शांतपणे संपवत असे. मी आप्पांकडे तक्रार केली.

“म्हैस दूध तर देती, बाई,” आप्पा म्हणाले. “गादी काय देती?”

शेवटी तडजोड झाली. म्हैस दुसरीकडे बांधायची, चाचणी संपली की सगळ्या गाद्या तिच्या, आणि तोवर पाचही मुलींना रोज पेलाभर दूध. खाल्लेल्या गाद्यांची ऊर्जा अशा रीतीने संघात परत आली. एवढ्या नेटकेपणाने ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मला प्रयोगशाळेतही दाखवता आलेला नाही.

दुसरी अडचण पुडीची. दांड्यांवर हात घसरू नयेत म्हणून खेळाडू तळहाताला मॅग्नेशियमची पांढरी पूड लावतात. ती पुण्याहून मागवावी लागे, आणि पार्सल कधी येईल याची खात्री नसे. एकदा पूड संपली तेव्हा महादेवीने कमरेची डबी काढून तळहाताला विभूती फासली आणि दांडी धरली. हात घसरला नाही. मी प्रयोगशाळेतून उतरती फळी आणली, वर तळहाताऐवजी चामड्याचा तुकडा ठेवला, फळी हळूहळू उचलली आणि तुकडा कितव्या अंशाला घसरतो ते टिपले. विभूती आणि मॅग्नेशियम यांच्यात फरक होता, पण अगदी किरकोळ.

प्रश्न पदार्थविज्ञानाचा राहिला नाही, आप्पांचा झाला. विभूती कपाळाला लावायची वस्तू. मुली ती दांडीवर पुसणार, पायाखाली सांडणार, हे त्यांना पटेना. निकाल त्यांच्या आईने दिला. घरात त्यांना अव्वा म्हणत आणि त्यांच्यापुढे आप्पा बोलत नसत. अव्वांचे म्हणणे सरळ होते: पूजेत ठेवण्याआधी ती गोवऱ्यांची राखच असते, तेव्हा मुलींना पूजेआधीची वेगळी काढून द्यावी, आणि ती फक्त हाताला लावावी. त्या दिवसापासून आमच्या संघाकडे राखेचे दोन डबे असत, आणि कोणता कुठला याबद्दल मुली नियमपुस्तकापेक्षा जास्त काटेकोर होत्या.

आता बीमकडे येते. येणे भाग आहे.

मुली बीमवरून पडत. पडणे स्वाभाविक आहे. पण सरावाने ते कमी व्हायला हवे, आणि आमचे एका मर्यादेपर्यंत कमी होऊन तिथेच अडले होते. मी वही ठेवली. कोण, केव्हा, कुठल्या बाजूला, कुठल्या हालचालीत पडली, याचे तक्ते केले, आलेख काढले. सकाळी पडतात की संध्याकाळी, दुधाआधी की दुधानंतर, पत्रे तापल्यावर किती, हे सारे पाहिले. मग मी स्वतःवर खूश होऊन एक निर्णायक प्रयोग केला. जमिनीवर खडूने दहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा आखला, मीटरपट्टी लावून, अगदी अचूक, आणि मुलींना तीच कसरत त्यावर करायला लावली. एकीचाही पाय पट्ट्याबाहेर गेला नाही.

निष्कर्ष उघड होता. रुंदी तीच, मुली त्याच. बदलली ती केवळ उंची. म्हणजे दोष भीतीचा. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने एक राशी मोजून आणि दुसरी गृहीत धरून असा निष्कर्ष काढला असता, तर मी त्याची वही लाल शाईने भरून परत केली असती.

त्या दिवशी मंगल माझ्याजवळ आली. मंगल किल्लारीकडची, शेतकऱ्याच्या घरातली, लातूरला वसतिगृहात राहून शिकणारी. तेरा वर्षांची, किडकिडीत आणि मुळातच कमी बोलणारी. पाचांत सर्वांत चांगली तीच होती आणि बीमवरून सर्वांत जास्त पडतही तीच होती, कारण अवघड गोष्टी करून पाहायचे धाडस तिच्यातच होते. पडल्यावर दहा सेकंदांत चढणे तिला कधी जमे, कधी नाही.

“बाई,” ती म्हणाली, “वरचा खालच्यापरीस बारीक हाय.”

तिच्या समजुतीसाठी मी गोदामाच्या भिंतीवर खडूने डोळ्याची आकृती काढली. भीती वाटली की नजर कशी आकुंचन पावते, आणि त्यामुळे पायाखालची वस्तू असते त्याहून अरुंद कशी भासते, हे मी वीस मिनिटे समजावले. मी चांगले शिकवते. बाकीच्या चौघींनीही येऊन ऐकले. शेवटी मी दोन बोटे स्वतःच्या कपाळाला लावून म्हटले, “जे आहे ते इथे आहे.”

“हाव,” मंगल म्हणाली, आणि पुन्हा चढली. आमच्याकडे ‘हाव’ म्हणजे होकार. तो पटल्याचा असतो असे नाही. दोन मिनिटांनी ती पुन्हा पडली. मी वहीत ‘भीती’ या रकान्यात खूण केली.

चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीने नांदेडला निघालो. प्रत्येकीच्या हातात पाण्याचा कॅन होता. नांदेडला गोदावरी आहे, पाणी मिळेल, असे मी सांगून पाहिले. पण लातूरच्या मुलींना त्या वर्षी नदी ही भूगोलातली गोष्ट वाटत होती. मुक्कामाच्या वसतिगृहात पोचताच महादेवीने नळ फिरवून पाहिला. पाणी आले. तिने बंद केला, पुन्हा फिरवला. पुन्हा आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते साडेआठ आम्हाला बीमवर सरावाची वेळ दिली होती. नवे साधन पायाखालून जावे म्हणून ही वेळ फार मोलाची. सव्वाआठ झाले तरी मुली आल्या नाहीत. मी वसतिगृहात गेले तेव्हा पाचही जणी डोक्यावरून न्हाऊन, कोरड्या टॉवेलने केस झटकत उभ्या होत्या. घरी चार-चार दिवसांनी एक बादली मिळणाऱ्या मुलींनी दोन-दोन वेळा अंघोळ केली होती, आणि धाकट्या दोघी तिसऱ्यांदा जाण्याच्या विचारात होत्या. मी खूप रागावले. महादेवीने शांतपणे ऐकून घेतले आणि मला विचारले, “बाई, तुम्ही न्हाऊन घेतलाव का?” मी घेतले नव्हते. आम्ही सभागृहात धावत पोचलो तोवर बीमवर दुसरा संघ चढलेला होता.

आमची पाळी जमिनीवरच्या कसरतीने सुरू झाली. या कसरतीच्या संगीतात शब्द नसावेत असा नियम आहे. आम्ही हलगी वाजवून घेऊन ती आप्पांच्या टेपरेकॉर्डरवर, गोदामातच, मुद्रित केली होती. हलगी सुंदर वाजली होती, पण बरोबर मध्यावर, दूरवरून आप्पांचा आवाजही त्यात आला होता: “टँकर आला का बघा रे.” आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकूही येत नसे. नांदेडच्या मोठ्या कर्ण्यांतून तो स्पष्ट आला. पंचांनी माना वर केल्या. त्याहून वाईट म्हणजे, पाचही मुलींनी आपापल्या पाळीला नेमक्या त्या वाक्याशी दाराकडे पाहिले. सरावात टँकर खरोखरच येत असे, म्हणून ती नजर कसरतीत मुरून गेली होती. संगीतात शब्द आल्याबद्दल प्रत्येकीचे गुण कापले गेले. कसरती मात्र पूर्ण झाल्या.

घोड्यावरची उडी आम्ही वर्षभर पोत्यांच्या थप्पीवरून मारली होती, त्यामुळे खरा घोडा मुलींना जरा बेचव वाटला, पण ओलांडला. दांड्यांपाशी त्यांनी आपले दोन्ही डबे काढले, एकातली राख तळहातांना लावली आणि दुसऱ्यातली विभूती सवयीने कपाळाला. पाच मुली, पाच पांढरी कपाळे. पुण्याहून आलेल्या मुख्य पंचबाईंनी मला बोलावून विचारले की ही संघाची खूण आहे की अलंकार, कारण अलंकाराला गुण कापावे लागतील. मी म्हटले, हे घर्षण आहे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि कापले नाहीत.

तीन साधने पार पडली होती. उरला बीम.

मी माझ्या वहीवरून हिशेब केला होता. पाचही जणी एका दिवशी पडल्यावर वेळेत चढल्या, असे गेल्या महिनाभरात फार थोड्या वेळा घडले होते. हे मी मुलींना सांगितले नव्हते, पण त्याही मोजत होत्याच.

पहिली मुलगी चढली. दोन पावले टाकून थांबली. खाली पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. काहीतरी बिघडले असे मला वाटले. मग ती चालू लागली, वळली, उडी मारली, कोलांटी घेतली आणि उतरली. पडली नाही. दुसरी पडली नाही. तिसरी पडली नाही. मी वही उघडून ‘भीती’चा रकाना पाहिला. मला काही कळेना. चौथी महादेवी. ती तर इतक्या ऐसपैस वावरत होती की मध्येच तिने प्रेक्षकांत बसलेल्या नांदेडच्या मामांना ओळख दिली. कसरत संपली तरी ती उतरेना. नेमून दिलेल्या वेळेची घंटा वाजल्यावर नाइलाजाने उतरली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, “बाई, ह्यावर तर अंथरूण टाकून झोपता येतंय.”

शेवटची मंगल. तिने वेळेत कसरत पूर्ण केली की आमचा संघ झाला. ती चढली, उभी राहिली आणि नंतर कुठल्याही पंचाने कधी पाहिले नसेल असे काहीतरी तिने केले. ती बीमवर गुडघ्यावर बसली. आपला पंजा, अंगठ्यासकट पाचही बोटे जुळवून, तिने बीमवर आडवा ठेवला. पंजाच्या कडेपासून बीमच्या कडेपर्यंत थोडी जागा उरली. त्या जागेत तिने दुसऱ्या हाताचे एक बोट ठेवले. ते बरोबर बसले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. प्रयोगाचे उत्तर आल्यावर विद्यार्थी शिक्षकाकडे पाहतो तसे.

मुख्य पंचबाईंनी अनावश्यक थांबल्याबद्दल गुण कापले. मी त्यांच्या जागी असते तर मीही कापले असते.

मग मंगल उठली आणि सरावात जी मागची कोलांटी तिला दहांतून तीनदा जमत असे ती तिने सरळ घेतली. आणि कुणी सांगितले नसताना लगोलग दुसरी घेतली. उतरताना पाय तसूभरही हलला नाही. त्या दिवशीचे बीमवरचे सर्वांत जास्त गुण तिचे होते. पाच जिल्ह्यांत आम्ही चौथे आलो. पण संघ पूर्ण झाला होता, आणि लातूर जिल्ह्याला स्वतःचा संघ मिळाला. माझ्याजवळ येऊन मंगल एवढेच म्हणाली, “आपल्या बीमवर पंजा काठोकाठ भरतोय. हितं एक बोट उरतंय, बाई.”

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. ती काहीतरी ऐकायची वाट पाहत होती, हे मला आता कळते. तेव्हा मी तिला मापनातील त्रुटी, तिचे प्रकार आणि ती टाळण्याचे उपाय लोह्यापासून अहमदपूरपर्यंत समजावून सांगितले. अहमदपूरला तिला झोप लागली.

लातूरला उतरल्यावर मी घरी न जाता मीटरपट्टी घेऊन गोदामात गेले. आठ सेंटिमीटर आणि एक चतुर्थांश. तीच पट्टी घेऊन मी गफूरचाचांकडे गेले. चाचांना माझी तक्रारच समजेना.

“चार इंची म्हंजे रंध्याआधी चार इंची, बाई. चौकट पण तशीच सांगतेत. रंधा मारला की लाकूड जातंयच.”

“पण पाऊण इंच?”

चाचांनी माझ्या हातातली पट्टी घेऊन पाहिली. मग म्हणाले, “एकेक सूत काढून भागलं असतं. पण पोरी अनवाणी चढणार म्हणलाव. पायात कुसळ जाऊ नये म्हणून दोन्ही अंगांनी तीन-तीन सूत काढलं.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; सहा सूत म्हणजे पाऊण इंच. माझ्या मुली वर्षभर ज्या अरुंद लाकडावरून पडल्या, ते चाचांच्या काळजीमुळे अरुंद झाले होते. यात कापायला मला एकही गुण सापडला नाही. चाचा फार ओशाळले; दुसऱ्याच दिवशी दोन पट्ट्या आणि सरस घेऊन गोदामात आले, बीमला जोड द्यायला. महादेवी दारात आडवी उभी राहिली.

“चाचा, त्याला हात लावायचा न्हाई. तोच बरा हाय.”

तो तसाच राहिला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, गोदामात तूर आली, म्हशीला चारा मिळाला आणि गाद्यांशी तिचा संबंध संपला. बीम आमच्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडखाली हलवला. तो अजून तिथे आहे. मंगल आता शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम करते आणि संध्याकाळी त्यावर लहान मुलींना शिकवते. मी मोठ्या स्पर्धेला निघाले तेव्हा ती एसटी स्टँडवर आली होती. तिने मला शिंप्याचा टेप दिला. सव्वाआठवर शाईची रेघ तिनेच मारली होती.

सुरुवातीला जे सांगायचे राहिले ते आता सांगते. त्या आंतरराष्ट्रीय सामन्याआधी, एका देशाच्या संघातली पंधरा वर्षांची मुलगी बीमवर चढली, तळपाय दाबून पाहिला आणि खाली उतरून प्रशिक्षकाला काहीतरी म्हणाली. भाषा मला कळत नव्हती. प्रशिक्षकाने तिचे ऐकून घेतले आणि दोन बोटे स्वतःच्या कपाळाला लावली. मुलीने मान डोलावली. ती मान मी ओळखली. तो ‘हाव’ होता.

म्हणून मी उठले आणि टेप काढून रुंदी मोजली. रुंदी बरोबर दहा होती. माझा सिद्धान्त, नेहमीप्रमाणे, चुकला होता. पण गुडघ्यावर बसल्यामुळे उठताना मी आधारासाठी बीमच्या पायाला हात लावला आणि तो हलला. एका पायाचा स्क्रू सैल होता. मुख्य पंचबाईंचे हसू मावळले. माणसे बोलावली गेली, स्क्रू आवळला गेला आणि सामना दहा मिनिटे उशिरा सुरू झाला. मुलीने माझ्याकडे पाहिले. पंचाने स्पर्धकाशी बोलायचे नसते, म्हणून मी कागदात पाहिले. तिची कसरत चांगली झाली. एका ठिकाणी ती विनाकारण थांबली, तेवढे मी कापले.

हे सारे मी मंगलला सविस्तर लिहिले. सिद्धान्त कुठे चुकला आणि निरीक्षण कसे उपयोगी पडले, आकृतीसकट. तिचे कार्डावर एका ओळीचे उत्तर आले: “बाई, तिचं खरं होतं हे तिला कुणी सांगितलं का?”

नाही सांगितले. नियमच तसा आहे. तो स्पर्धकांशी बोलण्याबद्दल आहे. दिवाळी अंकाबद्दल नियमपुस्तक काही म्हणत नाही. तेव्हा एसटीत जे एका वाक्यात आटपले असते आणि ज्याच्याऐवजी मी लोह्यापासून अहमदपूरपर्यंत बोलत राहिले, ते येथे छापून ठेवते. मंगल, वरचा खालच्यापेक्षा बारीक होता.